हंगामाच्या आदल्या दिवशी

वेंडेल टोलमनने रायफलचा खटका मागे ओढून ती उघडली, काडतूस बसते त्या रिकाम्या कोठीत आधी दृष्टी टाकली, मग करंगळी घालून पाहिली, आणि त्यानंतरच ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी ठेवली. एकदा डोळ्यांनी, एकदा बोटाने. या क्रमात त्याने साठ वर्षांत कधी खंड पडू दिला नव्हता. तेलाचे फडके तो नळीवरून फिरवू लागला, तेव्हा पूजेची उपकरणी उजळणाऱ्या माणसाच्या मुद्रेवर असते तशी एक निवांत एकाग्रता त्याच्या मुद्रेवर होती.

"माझी सवत उचल तिथून," मर्टल म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना पीठ लागले होते. "मला तिथंच केकचं पीठ कालवायचंय."

"दहा मिनिटं."

"त्रेचाळीस वर्षं तुझी दहा मिनिटंच चाललीयत."

उद्या शनिवार. उद्या पहाटे हरणांचा हंगाम उघडणार होता. आज संध्याकाळी गावच्या बंबखान्यात शिकाऱ्यांचे जेवण, आणि त्यासाठी सफरचंदाचे सहा केक मर्टलकडून जाण्याचा प्रघात होता. खिडकीबाहेर पर्णहीन मेपलच्या रांगेमागे डोंगराची कड स्वच्छ दिसत होती. गेले दोन हंगाम वेंडेल त्या कडेवर एकटाच जाऊन बसला होता. दोन्ही वेळा समोर हरीण आले होते, आणि दोन्ही वेळा त्याने ते जाऊ दिले होते. मर्टलला त्याने सांगितले, की एकही दिसले नाही.

चढावर एक घरघर उमटली. मर्टलचे हात थांबले.

"हा ऑरिनचा ट्रक," ती म्हणाली.

 तो आवाज वेंडेलने तिच्याही आधी ओळखला होता. फुटलेल्या धुराड्याची ती घरघर फाटकापाशी आली, बराच वेळ तशीच चालू राहिली, मग थांबली. ट्रकचे दार वाजले. फडके घडी घालून वेंडेल उठला आणि कारण नसताना त्याने सदऱ्याची वरची गुंडी लावली.

ऑरिन पिकेट दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या दोन्ही बाहूंवर एक चौकड्यांची घोंगडी होती आणि तिच्यात काहीतरी लांबट, जड गुंडाळलेले होते. सत्तर वर्षांचा, उंच, पूर्वीपासूनच शिडशिडीत. परंतु आता त्याचे जाकीट दुसऱ्या कोणाचे असावे तसे त्याच्या खांद्यांवरून ओघळत होते.

"आत ये आणि दार लाव," मर्टल म्हणाली. "सगळा परगणा गरम करायचा नाहीये मला."

तो आत आला.

"वाळलास की रे."

"तू काही वाळलेली दिसत नाहीस."

"चला, जीभ तरी शाबूत आहे." तिने हात धुतले, तयार झालेले चार केक खोक्यात रचले, अंगात कोट चढवला. "हे पोचवून येते, उरलेले दोन मग बघू. कॉफी चुलीवर आहे. दोघं बसा. आणि हे बघा, विधानभवनाचं नाव काढलंत तर दोघांनाही बाहेर काढून कडी लावीन."

ती गेली. दोन पुरुष एकमेकांकडे न पाहता तिच्या गाडीचा आवाज उतारावर विरेपर्यंत उभे राहिले.

दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, हे दोघे ऑरिनच्याच ट्रकमधून राजधानीस गेले होते. वेंडेलच्या गाडीला तो प्रवास झेपणारा नव्हता, आणि दोघांनाही एकाच सभेत बोलायचे होते. बंदूक विकत घेणाऱ्याने ती हाती पडण्यापूर्वी तीन दिवस थांबावे, असा कायदा होऊ घातला होता, आणि त्यावर लोकांचे म्हणणे ऐकले जाणार होते. समर्थकांनी छातीवर हिरवी फीत लावायची, विरोधकांनी शिकारीचे नारिंगी जाकीट घालायचे, असा संकेत होता. वेंडेलने फीत घरून लावली नाही. ती खिशात ठेवली आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर, ऑरिनकडे पाठ करून, टाचणीने टोचून घेतली.

वेंडेल चारच वाक्ये बोलला. एकोणतीस वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ क्ले यानं एका सकाळी दुकानातून रायफल घेतली आणि त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी त्याच रायफलीनं स्वतःचा शेवट केला. त्याची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून त्याला दुकानापर्यंत मीच सोडलं. सबंध उन्हाळा तो कोणाशी बोलला नव्हता, आणि आता हंगामासाठी रायफल घेतोय म्हणजे माणसांत येतोय, असं वाटून मला आनंद झाला होता. मधे तीन दिवस असते, तर त्यातल्या एका दिवशी तरी मी त्याला जेवायला बोलावलं असतं.

त्यानंतर नारिंगी जाकिटांतून ऑरिनचे नाव पुकारले गेले. क्लेच्या शवपेटीला मीही खांदा दिला आहे, असे म्हणूनच त्याने आरंभ केला. पण माझ्या बापानं दहाव्या वर्षी माझ्या हातात रायफल दिली, ती देताना त्यानं माझ्यावर विश्वास टाकला. आणि आज एका घराच्या दुःखापायी तुम्ही सगळ्या राज्याला संशयिताच्या रांगेत उभं करताय. ज्याला मरायचंच आहे त्याला तीन दिवस काय अडवणार? त्याचा आवाज कापत होता. सभागृहातल्या अर्ध्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परतीचे चाळीस मैल दोघे त्याच ट्रकमध्ये शेजारी बसून आले आणि एक शब्द बोलले नाहीत. फाटकापाशी वेंडेल उतरला. कायदा पुढे संमत झाला. ऑरिन पुन्हा आला नाही.

गेल्या मार्चमध्ये ऑरिनची पत्नी व्हर्ना वारली. दफनाच्या वेळी वेंडेलने त्याचा हात हातात घेतला, परंतु ओठांवर आलेले काहीच शब्द त्या हाताच्या तोलाचे वाटले नाहीत. पुढच्या आठवड्यात घरी जाईन, असे त्याने मनाशी ठरवले. बर्फ वितळले, कुरणे कापून झाली, पाने गळाली, आणि तो पुढचा आठवडा आलाच नाही.

"बस," वेंडेल म्हणाला.

ऑरिनने घोंगडी टेबलावर ठेवली. त्याच्या बोटांना ती सोडायला किंचित वेळ लागला.

"घराचं छत गळतंय," तो म्हणाला. "गंज धरेल. म्हटलं, तुझ्या त्या पोलादी कपाटात जागा असेल."

वेंडेलने मान डोलावली. ऑगस्टमध्ये खालच्या रस्त्याने जाताना ऑरिनच्या घरावरचे कोरे करकरीत हिरवे पत्रे त्याने पाहिले होते. परंतु खोट्या कारणाचा त्याला त्या क्षणी विषाद वाटला नाही; उलट अंतःकरणात काहीतरी हलकेच उजळले. डोंगराच्या कडेकडे जाणारी वाट टोलमनांच्या गोठ्यामागूनच निघे, म्हणून हंगामाच्या आदल्या दिवशी आपली रायफल इथे आणून ठेवण्याची ऑरिनची जुनी रीत होती. पहाटे तो रिकाम्या हातांनी येई, कॉफी घेई आणि दोघे अंधारात चढू लागत. दोन वर्षे मोडलेली रीत पुन्हा जोडायला एखादे गळके छत लागत असेल, तर ते गळो बापडे.

"तुझ्या कायद्यात बसतं ना पण हे?" ऑरिन म्हणाला. "का माझ्याच बंदुका ठेवायला मला तीन दिवस ओसरीवर बसवणार?"

"विकत घेत असतो तर मीच बसलो असतो. पण तुझं ते सामान कोण विकत घेतंय?"

ऑरिनच्या ओठांची एक कड हलली. वेंडेलने दोन पेले भरले, एक त्याच्यापुढे सरकवला आणि घोंगडीची गाठ सोडली.

सर्वांत वर ऑरिनच्या वडिलांची रायफल होती. अक्रोडाच्या दस्त्यावर दोन पिढ्यांच्या गालांनी एक काळसर झिलई आणली होती. वेंडेलने ती उघडून डोळ्यांनी पाहिली, बोटाने पाहिली, आणि बाजूस ठेवली. तिच्याखाली बावीसची छोटी रायफल निघाली, खारी आणि डबे मारण्याची. तिच्याखाली छऱ्यांची दुनळी. तळाशी कॉफीचा एक मोठा डबा होता. त्याचे झाकण उघडताच आत सर्व आकारांची काडतुसे एकत्र ओतलेली दिसली. ऑरिनच्या घरी काडतुसे नेहमी आपापल्या खोक्यांत, खोकी ओळीने, आणि ओळी फळीवर असत.

वेंडेलच्या हाताची गती मंद झाली.

दुनळीने कोणी हरीण मारत नाही. बावीसची तर कोणी बरोबरही नेत नाही. आणि या डोंगरांत आदल्या दिवशी माणूस एक वेळ दात काढून दुसऱ्याकडे ठेवायला देईल, बापाची रायफल देणार नाही.

"उद्या साडेचारला?" त्याने विचारले. आवाज सहज राहावा म्हणून त्याने दृष्टी डब्यावरच ठेवली.

"उद्या नाही रे. गुडघा."

"मग परवा."

"यंदा नाहीच म्हण."

चुलीवर कॉफीचे भांडे किणकिणले. वेंडेलने डब्याचे झाकण लावले. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी गाडी चालवताना आपण शीळ घालत होतो, हे त्याला आठवले. मघा गाठ सोडतानाही ओठांचा चंबू झाला होता की काय, या शंकेने त्याने नकळत ओठांवरून हात फिरवला.

"किती दिवस ठेवू?"

"राहू देत. बर्फ जाईपर्यंत." ऑरिनने पेला दोन्ही तळव्यांत धरला होता, त्यातले काही तो प्यायला नव्हता. "आणि हे बघ, वेंडेल. मधेच मी मागायला आलो, तर लगेच काढून देऊ नकोस."

"बरं."

"काहीही सांगेन मी. कोल्हा आलाय, कोंबड्या नेतोय, असलं काहीतरी."

"तुझ्याकडं कोंबड्या कुठं आहेत?"

"तेच म्हणतोय मी."

वेंडेल त्याच्यासमोर बसला. टेबलावर दोघांच्या मधे तीन रायफली आणि एक दुनळी पडल्या होत्या, आणि त्यांच्या तेलाचा वास खोलीत भरून राहिला होता.

"तीन दिवस थांबवीन तुला," तो म्हणाला.

ऑरिनने प्रथमच मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते आणि त्यांच्याभोवती जागरणाची निळी कडी होती.

"तीन कमी पडतील," तो म्हणाला.

वेंडेल उठला. ऑरिनची एकेक बंदूक उचलून त्याने आतल्या खोलीतल्या पोलादी कपाटात उभी केली, डबा वरच्या कप्प्यात ठेवला, आणि क्षणभर विचार करून आपली स्वतःची रायफलही त्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. किल्ली त्याने जुडग्यातून काढून गळ्यातल्या साखळीत अडकवली. परंतु कपाटाच्या दारावर हात ठेवून तो तसाच उभा राहिला. काहीतरी उणे होते. ऑरिन दुधाच्या टँकरवर रात्रपाळी करीत असे, तेव्हा त्याने व्हर्नाला एक लहान रिव्हॉल्वर आणून दिले होते. ते ती उशाशी ठेवी. ऑरिन आवाज न करता घरात शिरला तर आधी गोळी घालीन आणि मग नाव विचारीन, असे ती सर्वांदेखत म्हणत असे.

ते विचारणे म्हणजे आतापर्यंत दोघांनी छत, गुडघा आणि कोंबड्या यांच्या आड झाकून ठेवलेले उघडे करणे. अपमान वाटून ऑरिन उठून जाऊ शकत होता; आणि तो गेला तर पुन्हा दोन वर्षे वाट पाहण्याइतका अवधी आता नव्हता. वेंडेल बाहेर आला.

"आणि व्हर्नाचं?"

ऑरिनने पेला खाली ठेवला. तो पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवू लागला.

"ते राहू दे."

"ते राहू देता येणार नाही, ऑरिन."

"मला ते काढता येत नाही."

"म्हणजे?"

ऑरिनने मान खाली घातली. त्याचा वेंडेलने एकच अर्थ लावला: ते त्याने स्वतःसाठीच मागे ठेवले आहे. त्याने खुंटीवरचा कोट काढला.

"ऊठ. मी येतो बरोबर."

"मर्टल—"

"मर्टल केक मोजत बसेल तासभर. ऊठ म्हणतो ना."

ट्रकमध्ये तो पूर्वीच्याच जागी बसला. आसनाच्या फाटलेल्या शिवणीवर आता चिकटपट्टी होती. ऑरिनने किल्ली फिरवताच ती घरघर पायांखालून वर चढली.

"दोन वर्षांत हे धुराडं नाही दुरुस्त केलंस?"

"केलं असतं तर मी येतोय हे तुला कळलं कसं असतं?"

वेंडेल खिडकीबाहेर पाहू लागला. रस्त्याकडेच्या कुंपणांपाशी लोकांनी आपापल्या गाड्या झाडून ठेवल्या होत्या. एका ओसरीवर नारिंगी जाकिटे वाऱ्याला टांगली होती, उद्या हरणांना सुगावा लागू नये यासाठी त्यांच्यातला घरगुती वास जावा म्हणून. ऑरिननेही ती पाहिली. खालच्या वळणावर त्याने वेग कमी केला.

"तिथं सभेत मी बोललो ना," तो म्हणाला, "की ज्याला मरायचंच आहे..."

"ऐकलं होतं मी."

"मला माहीत नव्हतं, वेंडेल. मला वाटायचं, माणूस एकदा ठरवतो आणि मग करतो. तसं नसतं ते. ते येतं आणि जातं. दुपारचं येतं बहुतेक. भांडी धुऊन झाली की."

 वेंडेलने हात पुढे करून ट्रकची ऊब वाढवली, जणू तेवढेच त्याच्या हाती होते.

घराच्या हिरव्या पत्र्यांवर कललेले ऊन पडले होते.  आत बैठकीच्या खोलीत कोचावर उशी आणि पांघरूण होते, आणि जमिनीवर, झोपणाऱ्याच्या हाताला लागेल असे, घड्याळ. ऑरिन पुढे झाला, मधल्या बोळातून शेवटच्या दारापाशी गेला आणि तिथे थांबला. दार त्याने उघडले. आत पाऊल टाकले नाही.

वेंडेल त्याला ओलांडून आत गेला. खोली नीटनेटकी होती. पलंगावर रजई ताठ ओढलेली, दोन उशा शेजारी शेजारी. खिडकीकडच्या बाजूस एक लहान मेज, त्यावर दिवा, आणि मेजाला एकच खण.

"त्यात आहे," ऑरिन म्हणाला.

"कुलूप आहे?"

"नाही."

"मग?"

ऑरिनने चौकटीला खांदा टेकवला. सत्तर वर्षांचा तो माणूस, ज्याच्या बोलण्यावर अर्ध्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या होत्या, आता इतक्या हळू बोलत होता की वेंडेलला एक पाऊल मागे यावे लागले.

"मार्चपासून तो खण उघडलेला नाही. तिचे रुमाल आहेत त्यात. हाताला लावायचं ते मलम. पिनांची डबी, आणखी काय काय असेल. ती गेली त्या दिवशी तिनंच सकाळी बंद केला होता." तो थांबला. "फटीशी नाक नेलं की अजून येतो वास. रोज नाही नेत मी. रविवारी फक्त. उघडला की जाईल तो. एकदाच उघडता येईल, आणि मग संपलं."

वेंडेलने खणाकडे पाहिले.

"म्हणजे ते तिथं आहे ते—"

"त्यासाठी नाही ठेवलेलं. पण आहे तर तिथंच ना. दुपारी तेही आठवतं."

वेंडेलने डोक्यावरची टोपी काढली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्याने पुन्हा घातली. मग तो खिडकीपाशी गेला, तिची कडी पक्की बसली आहे ना ते पाहिले, तावदानाच्या खालच्या फटीवर तळहात फिरवून वारा येत नाही याची खात्री केली. जमिनीलगतच्या जाळीतून तापयंत्राची ऊब येत होती. तिच्यावर त्याने ऑरिनच्या सपातांच्या शेजारची सतरंजी ओढून घातली. ऑरिन हे सर्व दारातून पाहत होता. 

"ते कुठल्या अंगाला असेल?" वेंडेल म्हणाला.

"उजव्या. मागं. फडक्यात."

तीस हिवाळे सडकेवरचे बर्फ लोटणारी अवजड गाडी चालवून जाड झालेले आपले हात वेंडेलने कोटावर पुसले. तो मेजासमोर गुडघ्यांवर बसला, तोंड दुसरीकडे वळवले आणि श्वास रोखला. मनगट जाईल एवढाच, त्याहून कणभरही अधिक नाही, असा त्याने खण ओढला. बोटांना काहीतरी मऊ लागले. ते त्याने हलू दिले नाही. चष्म्याची काडी लागली, कागदाची कडा लागली. मग फडक्यातून धातूचा थंडपणा. त्याने ते फडक्यासकट चिमटीत धरले, तसूतसूने बाहेर आणले, दुसऱ्या हाताने त्याच क्षणी खण लोटला आणि लाकूड लाकडाला पूर्ण भिडल्याचा बारीक आवाज ऐकू येईपर्यंत तळहात दाबून ठेवला.

पाठ वळवून त्याने रिव्हॉल्वर उघडले. गोळ्या एका खिशात गेल्या, रिव्हॉल्वर दुसऱ्या. ज्या फडक्यात ते होते ते त्याने ऑरिनपुढे धरले. ऑरिनने ते घेतले, पण त्याकडे पाहिले नाही. त्याची दृष्टी खणावर होती.

"बघ," वेंडेल म्हणाला.

ऑरिन खोलीत आला. मेजाचा आधार घेत, दुखऱ्या गुडघ्याला जपत, तो खाली बसला आणि खणाच्या वरच्या फटीशी त्याने चेहरा नेला. त्याचे डोळे मिटले. खांदे एकदा वर गेले आणि तसेच राहिले. 

"आहे," ऑरिन म्हणाला.

वेंडेलने खोलीचे दार आतून हळूच लोटून घेतले आणि तो दाराला पाठ लावून उभा राहिला.